डिंकवहिनी आणि चौदा लेबलं

आमच्या थोरल्या जाऊबाई पंखा लावत नाहीत. पाहुणे घामाघूम होऊन रुमालाने वारा घेत बसले, तरी बटणाकडे निघालेला हात त्या नजरेनेच मागे घ्यायला लावतात. "थांबा, खिडकी उघडते," म्हणतात आणि उघडतात. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत पंखा फिरताना मी एकदाच पाहिला. तोही रंगाऱ्याने भिंत वाळावी म्हणून लावला होता, आणि तेवढा वेळ ताई खाली माझ्याकडे येऊन बसल्या होत्या.

"वहिनी, तो पंखा मला देऊन टाका. नुसता लटकून कंटाळला असेल बिचारा," असं आमचे हे दर उन्हाळ्यात म्हणतात.

"कशाला भाऊजी? तुम्ही बोलायला लागलात की वारा सुटतोच."

डिंकवहिनी हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. ताईंच्या बोटांच्या टोकांवर बारा महिने डिंकाचा पातळ पापुद्रा असायचा. बोलता बोलता त्या तो नखाने सोलायच्या आणि सोललेला तुकडा इकडेतिकडे न टाकता पदराच्या टोकात बांधायच्या. काही म्हणजे काही फेकायचं नाही, ही सवय कामावरून घरी आलेली.

काम वनस्पती संग्रहालयात. रानावनातून आणून कागदात दाबून सुकवलेली झाडं तिथे कपाटांत जपून ठेवतात, लाखभर तरी असतील. प्रत्येक झाड जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने बसवायचं, डिंक धरणार नाही तिथे दोऱ्याने टाका घालायचा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं: कोणी आणलं, कधी, कुठून, कितव्या नंबरचं. अशा कागदाला तिथे शीट म्हणतात. झाड आणणाऱ्याचं नाव शीटवर असतं, ओळखणाऱ्याचं असतं. बसवणाऱ्याचं नसतं. ताईंनी एकतीस वर्षं शीट केल्या आणि त्यातल्या एकीवरही त्यांचं नाव नव्हतं.

निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना त्या जिन्यात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरात गेला. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, रजा घ्या, आता राहिलंय किती. ताई म्हणाल्या, "सत्तर शीट राहिल्यात. मला डावा हात आहे, आणि खालच्या मजल्यावर एक जाऊ आहे."

अशी मी तिथे पोचले. बी.ए.ला मी इतिहास घेतलेला, आणि माझ्या हातून कुंडीतला निवडुंगसुद्धा मेलेला आहे. हे मी आधीच सांगून टाकलं.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "इथली सगळी मेलेलीच आहेत. तू आणखी काय बिघडवणार?"

लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लोखंडी कपाटं, नाकात बसणारा डांबरगोळ्यांचा वास. खिडकीशी दोन टेबलं. टेबलावर डिंकाचं भांडं, चिमटे, बाकदार सुई, आणि शीट दाबून ठेवायला वाळू भरलेल्या कापडी पिशव्या, उशीसारख्या. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी, तिच्यावर ताईंच्या अक्षरात 'हात लावू नये'. तो कागद इतका जुना होता की पिवळा पडून बटणाच्याच रंगाचा झाला होता.

पहिले दोन दिवस त्यांनी मला नुसतं बघायला बसवलं. तिसऱ्या दिवशी सुई दिली.

"एक पान सुलटं, एक उलटं. दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. फुलावरून टाका न्यायचा नाही. बघायला येणारा फुलासाठीच येतो. गाठ मागे. अगं, मागे म्हणजे कागदाच्या मागे, तुझ्या पाठीमागे नव्हे, अशी वळतेस काय!"

गळून पडलेली पाकळी, बी, पानाचा चुरा, सगळं पुडीत भरायचं आणि ती पुडी शीटवरच एका बाजूला चिकटवायची. पुडी कशाची करायची, तर ज्या वर्तमानपत्रात ते झाड दाबून आलं त्याच पानाची. त्या कागदाच्या घडीत आणखी एखादं बी अडकलेलं असू शकतं, म्हणून. ही पद्धत ताईंना शिकवणाऱ्या मास्तरांची. आणि सगळ्याच्या आधी, झाडाला हात लावायच्याही आधी, शीटच्या पाठीवर पेन्सिलने झाडाचा नंबर लिहायचा.

"ही पण मास्तरांचीच पद्धत?" मी विचारलं.

"नाही. माझी," एवढंच म्हणून त्या डिंक ढवळायला लागल्या.

त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर एक संशोधक बाई बसायच्या. वय पस्तिशीचं, गळ्यात भिंग, चपलांना कायम वाळलेला चिखल. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दगडाच्या खाणीवरच्या उतारावरून वीतभर उंचीचं, निळ्या फुलांचं एक रोपटं आणलं होतं. सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच आहे. शीट करताना ताई म्हणाल्या, "बाई, ह्या जातीचं फूल सुकलं की तपकिरी पडतं. अठ्ठावीस वर्षं बघतेय. हे निळंच कसं राहिलं?"

तिथून सगळं सुरू झालं. नवं झाड सापडलं की छान नाव ठेवायचं आणि पेढे वाटायचे, अशी माझी समजूत होती. बाईंनी शेकडो पानं मोजपट्टीवर मोजली होती. देठावरच्या लवेचे केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले होते. जुन्या जातीचं बी गुळगुळीत, ह्याच्या बियांवर खड्डे. जुन्या जातीच्या जिथे जिथे शीट आहेत तिथून त्या मागवून एकेक तपासली होती. एक शीट प्रमाण म्हणून निवडली होती. ह्या नावाचं झाड म्हणजे नेमकं कोणतं, असं उद्या कोणी विचारलं तर जिच्यावर बोट ठेवायचं, ती ही शीट. शिवाय हे झाड कितपत धोक्यात आहे तेही लेखात लिहावं लागतं. बाईंनी दोन वर्षं फुलांच्या दिवसांत त्या उतारावर गुडघ्यांवर रांगत मोजदाद केली. फुललेली झाडं सत्तेचाळीस. जगात दुसरीकडे कुठे नाही.

आणि खाणवाल्यांना तो उतार हवा होता. परवानगी देणारी समिती बाईंच्या लेखाची वाट पाहत होती. 'अतिसंकटग्रस्त, एकच ठिकाण' असं छापून आलं असतं, तर उतार फोडायला परवानगी देणं अवघड झालं असतं.

मी जायला लागून दुसरा आठवडा होता. दुसऱ्या एका संस्थेला पूर्वी उसना दिलेला आणि म्हणून बाईंचा तपासायचा राहिलेला शीटचा गठ्ठा परत आला. बाई तो सोडत होत्या. एकदम ओरडल्या, "ताई! आपलं झाड!"

जुन्या जातीच्या नावाखाली ठेवलेली एक शीट. एकतीस वर्षांपूर्वीची. फुलं निळीच्या निळी. बाईंनी भिंगातून लव पाहिली, मान डोलावली. मग लेबल वाचलं आणि खुर्चीत बसल्या. ठिकाण खाणीवरचं नव्हतं. दोन दिवसांच्या प्रवासावरचं नदीकाठचं खोरं होतं, मैलोन्‌मैल पसरलेलं आणि फारसं कोणी न धुंडाळलेलं.

साहेब आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं. "म्हणजे तिकडेही आहे. तिकडे किती असेल कोण जाणे. हजारोंनी असेल."

"मग अतिसंकटग्रस्त लिहिता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. झाड आणखी कुठेतरी आहे ह्याचा आनंद आणि उतार गेला ह्याचं दुःख, दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"'पुरेशी माहिती नाही' असं लिहा. शुक्रवारी लेख जायचाय." साहेब निघून गेले.

मी ताईंकडे बघितलं. त्या शीटवर वाकल्या होत्या. झाडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या टाका बघत होत्या. दोऱ्याची गाठ कागदाच्या पुढच्या बाजूला होती, नवशिक्याने मारावी तशी.

संध्याकाळी आम्ही दोघी बसने परतलो. घरी मी चहा ठेवला. हे समोर वर्तमानपत्र वाचत होते, गरम होतं म्हणून उठून पंखा लावला. खालच्या मजल्यावर तेवढी आम्हाला मुभा आहे. पानं फडफडली आणि ताईंनी डाव्या हाताने कप असा गच्च धरला, जणू तो उडून जाणार होता.

"भाऊजी, तो बंद करा. मी सांगते."

त्यांनी सांगितलं. कामावर लागून तीन आठवडे झाले होते. तीन महिन्यांची बोली होती, काम पसंत पडलं तर कायम. मास्तर जेवायला गेले होते. टेबलावर ताईंनी स्वतः बसवलेल्या पहिल्याच चौदा शीट तयार होत्या, प्रत्येकीवर तिचं लेबल नुसतं ठेवलेलं, चिकटवायचं बाकी. खोलीत भट्टीसारखं उकडत होतं. ताईंनी पंखा लावला.

"चौदाच्या चौदा उडाली गं. कपाटाखाली, खिडकीत, डिंकाच्या भांड्यात एक. मी सगळी गोळा केली. तेव्हा झाडांचं मला काय कळत होतं? ज्यांची आठवण होती ती लावली. उरली ती अंदाजाने चिकटवली. मास्तर आले, म्हणाले, वा, आटपलं पण! मी म्हटलं, हो."

"आणि नंतर?"

"नंतर कायम झाले. नंतर मला कळलं की लेबलावर किती काय अवलंबून असतं. तोवर शीट कपाटात गेल्या होत्या. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता एकतीस वर्षं गेली." त्यांनी बोटावरचा डिंक सोलला. "ही त्या चौदांतली आहे. गाठ पुढे असलेल्या माझ्या तेवढ्याच शीट. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाठ मागे घ्यायला शिकवलं."

ह्यांनी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. सव्वीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

मी मात्र बोलले, आणि ते इथे लिहायला मला अवघड जातंय. "ताई, तीन आठवड्यांनी तुमचा निरोप आहे. ते लेबल कदाचित बरोबरही असेल. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलं की आता," ताई म्हणाल्या. "आणि भाऊजींना. म्हणजे आळीभर." मग जरा थांबून, "अगं, ती सत्तेचाळीस झाडं माझ्या एका कागदावर उभी आहेत. तो कागद खरा की खोटा, हे मला एकटीला ठाऊक. गप्प बसून निरोपाचा हार कसा घालून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि साहेब दोघांसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. साहेबांनी बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडून तिकडे केली.

"ताई, तेव्हा बोलला नाहीत, ते आत्ता कशाला? लेखात 'माझ्या आठवणीप्रमाणे' असं लिहून चालत नाही. पुरावा लागतो. नाहीतर लोक म्हणतील, खाण अडवायची म्हणून संग्रहालयाने लेबल फिरवलं."

त्यांचंही चूक नव्हतं. बाई शीटकडे बघत होत्या. आणि मला, इतिहासवालीला, पुडी दिसली.

"ताई," मी म्हटलं, "पुडी त्याच वर्तमानपत्राची ना?"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मनगट धड असतं तर मिठीच मारली असती. झाड दाबताना आणणारा माणूस त्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलने नंबर टाकतो. ह्या पुडीत तो कोपरा आलेला असला तर आकडा आत होता. नसला तर नव्हता.

बाईंनी पुडीची कड वाफेवर सैल केली. चिमट्याने एकेक घडी उघडली. आतून निळ्या पाकळ्यांचा चुरा आणि चार खड्ड्याखड्ड्यांच्या बिया निघाल्या. शेवटच्या घडीत, लग्नाच्या एका जाहिरातीवर, फिकट पेन्सिलीत आकडा: ४१८.

लेबलावर होता ४३१.

साहेब स्वतः उठले आणि झाड आणणाऱ्या त्या माणसाची जुनी वही कपाटातून काढून आणली. चारशे अठराव्या ओळीत खाणीच्याच टेकडीचा उतार होता. तेव्हा खाण नव्हती. पुढे त्या माणसाने दोनच शब्द लिहिले होते: 'उतारभर भरपूर.'

मग बाई म्हणाल्या, "उतारभर. आणि आता सत्तेचाळीस." त्या वहीवरून बोट उचलत नव्हत्या. एकतीस वर्षांत झाड किती कमी झालं, हे सांगायला त्यांच्याकडे आजवर काहीच नव्हतं.

चारशे अठराचं लेबल मग कुठे गेलं होतं? दुपारी तेही सापडलं. पाण्यात वाढणाऱ्या एका लव्हाळ्याच्या शीटवर 'खडकाळ, कोरडा उतार' असं लेबल होतं. शेजारी कोण्या विद्वानाने कधीतरी पेन्सिलने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ताई ते बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "बिचारा! किती डोकं खाजवलं असेल त्याने."

पुढचे दोन आठवडे आम्ही सत्तर नव्या शीट सांभाळून त्या चौदा जुन्या हुडकल्या. गाठ पुढे, ही खूण. पाच बरोबर निघाल्या. सात अदलाबदल झालेल्या, पण पुड्यांतल्या आकड्यांनी सुटल्या. दोघींच्या पुडीत कोपराच नव्हता. त्या दोघींची लेबलं एकमेकींची आहेत की जिची तिलाच, हे आता कोणालाच कळायचं नाही. ताई त्या दोन शीटपाशी फार वेळ बसल्या.

संग्रहालयाचा नियम असा की चुकलेलं लेबल काढायचं नाही. ते तसंच ठेवायचं आणि खाली दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची, सही-तारखेसकट. साहेबांनी मसुदा करून दिला: 'लेबलांची अदलाबदल झाली.'

"झाली म्हणजे? आपोआप?" ताई म्हणाल्या. "मी केली."

चिठ्ठ्या लिहायला मी पेन काढलं. माझं अक्षर बरं आहे. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, प्लास्टरातून बाहेर आलेल्या बोटांच्या बेचक्यात धरलं आणि लिहायला बसल्या. एकेका चिठ्ठीला वीस मिनिटं. 'हे लेबल दुसऱ्या झाडाचे आहे. पंख्याने उडाले ते मी न विचारता चिकटवले. खरा नंबर ४१८.' खाली पूर्ण नाव. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, प्रत्येक रेघ वेगळ्या दिशेला निघालेली. त्या दोन न सुटलेल्या शीटवर लिहिलं: 'कोणाचे कोणते, सांगता येत नाही. चूक माझी.' एकूण नऊ चिठ्ठ्या. एकतीस वर्षांत त्यांचं नाव शीटवर आलं ते असं.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. पहिलंच वाक्य खोडलेलं होतं, मी पुढच्या रांगेत होते म्हणून मला दिसलं. ते म्हणाले, "आमच्या कपाटांत दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या चिठ्ठ्या शेकडो आहेत. स्वतःची चूक स्वतःच्या सहीने लिहिलेल्या मला नऊच माहीत आहेत." एवढं बोलून त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि हार उचलला. बाईंनी आधी एकदा त्या झाडाला ताईंचं नाव द्यायचा विषय काढला होता. ताई म्हणाल्या, "त्याला त्याच्या उताराचं नाव द्या. उतार राहिला तर ते राहील." तेच दिलं.

लेख छापून आला. त्यात झाडाचं नाव, प्रमाण शीट, बियांचे खड्डे, आणि शेवटी: अतिसंकटग्रस्त, ज्ञात ठिकाण एकच, पूर्वी उतारभर. समितीने खाणीचा अर्ज पुढच्या फुलांच्या हंगामातल्या पाहणीपर्यंत थांबवून ठेवला आहे. झाड वाचलं असं मी लिहिणार नाही. बाई अजून गुडघ्यांवर रांगत मोजतात. आठवड्यातून दोन दिवस मी आता एकटी त्या टेबलाशी बसते, आणि संध्याकाळी घरी आले की ताई वरून हाक मारतात, "गाठ कुठे घेतलीस?"

बाईंनी ताईंना लेखाची प्रत पाठवली. आम्ही सगळे वर जमलो होतो. ताईंनी चष्मा लावून ती टेबलावर एकेक पान सुटं करून मांडली. उजव्या मनगटाला अजून पट्टा होता. ह्यांचा घाम गळत होता.

"वहिनी, आता तर सगळं जगजाहीर झालं. आता तरी लावू का पंखा?"

ताईंनी मान वर केली नाही. डाव्या हाताचा तळवा पानांवर ठेवला.

"पानं सुटी आहेत भाऊजी. खिडकी उघडा."